नांगर न घालण्याचं चौथं कारण

सुवा ग्रेदा गावात माणसाची पारख चर्चमध्ये होत नाही आणि गुत्त्यावरही होत नाही. दोन्हीकडे सगळे सारखेच दिसतात. पारख होते ती नोव्हेंबरात, शेतात. संत दिमित्रीच्या सणापर्यंत ज्याचं रान काळंभोर नांगरून पडलेलं असतं, ज्याचे तास बांधापासून कालव्यापर्यंत दोरी धरल्यासारखे सरळ जातात आणि ज्याच्या ढेकळांवर ऊन चकाकतं, तो माणूस. बाकीचे नुसते मतदार.

ही पारख गाव मोठ्या गांभीर्याने करतं. रविवारी दुपारची जेवणं झाली की पुरुषमंडळी बायकांना गाडीत घालतात आणि चालत्या माणसाच्या वेगाने शेतरस्त्यांवरून फेरी काढतात. काच खाली, कोपर बाहेर. कोणी काही बोलत नाही. एखाद्या शेतापाशी गाडी अंमळ थांबते, आतून "हंऽऽ" असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरकते. त्या एका हुंकारावर ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत.

सणानंतरही एखाद्याच्या रानात मक्याची धसकटं उभी दिसली, तर त्यासाठी गावाकडे तीन कारणं तयार असतात. मालक मेला, मालक पिऊन पडला, किंवा ट्रॅक्टर बंद पडला. चौथं कारण नाही. यागोदा वेस्किच हे चौथं कारण शोधून काढायच्या खटाटोपात होती आणि त्यासाठी सरकार तिला, निदान सुरुवातीला तरी, विद्यावेतन देत होतं.

यागोदाच्या प्रबंधाचं नाव इतकं लांब होतं की ते पाठ करणं हाच अर्धा अभ्यास होता. 'बनात प्रांताच्या मैदानातील शेतजमिनीच्या शाश्वत मृदा-व्यवस्थापनाचे अर्थशास्त्र' इथे ते नुसतं श्वास घ्यायला थांबायचं. गावाला तिने सोप्या भाषेत सांगितलं होतं, "शेत न नांगरता ठेवलं तर किती फायदा होतो, ते मी मोजतेय." गावाने माना डोलावल्या. शहरात जाऊन पोरगी एवढं शिकली, म्हणजे काहीतरी बिघडणारच, हे गावाने आधीच गृहीत धरलं होतं.

खरी अडचण तिच्या जन्माची होती. ती स्वेतोझार वेस्किचची एकुलती एक मुलगी. स्वेतोझार म्हणजे पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा नांगरधारी. नांगरटीच्या स्पर्धांत मिळवलेले चषक त्याच्या कपाटावर असे रांगेत उभे असत, की घरात आलेल्या माणसाला आपण आधी त्यांना नमस्कार करावा की यजमानाला, हे कळत नसे. बायको वारली त्या वर्षीसुद्धा त्याचं रान सणाआधी काळं झालं होतं. अशा माणसाकडे जाऊन त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, मला एक तुकडा द्या. अर्धा तुम्ही नांगरायचा, अर्ध्याला हात लावायचा नाही. चार वर्षं."

"हात लावायचा नाही म्हणजे?"

"धसकटं तशीच ठेवायची. वसंतात त्यांच्यातच पेरायचं."

स्वेतोझारने खिशातलं पाकीट बाहेर काढलं. मग म्हणाला, "पोरी, पैसे हवेत का? घर गहाण ठेवतो."

शेवटी त्याने तुकडा दिला. पण दिला तो गावाच्या पार टोकाचा, कालव्याकाठचा, पॉपलरच्या झाडांमागचा. तिथे कुत्रं फिरकत नसे. प्रयोग द्यायला त्याची ना नव्हती, अब्रू द्यायला होती. आणि सरकारची दूरदृष्टी अशी, की पुढच्याच उन्हाळ्यात ती पॉपलरची झाडं कापून तिथूनच तालुक्याला जाणारा नवा डांबरी रस्ता काढण्यात आला. आता बाजाराला, दवाखान्याला, दफनाला, कुठेही जायचं तरी सुवा ग्रेदाचा माणूस स्वेतोझारची धसकटं बघूनच पुढे जाई.

अर्धा तुकडा काळाभोर, आरशासारखा. त्याला लागून अर्धा तुकडा, झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोक्यासारखा.

स्वेतोझारने विज्ञानाची बाजू घेतली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चारचौघांत "माझी मुलगी प्रयोग करतेय आणि मी तिला करू देतोय" असं म्हणण्यापेक्षा त्याला खोटं बोलणं सोपं गेलं. पहिल्या वर्षी तो म्हणाला, ट्रॅक्टर अर्ध्यातच बंद पडला. दुसऱ्या वर्षी पाठ धरली, अर्ध्यातच. तिसऱ्या वर्षी नांगराचा फाळ तुटला, तोही अर्ध्यातच. बरोबर त्याच रेघेवर. शेजारच्या पेर्सा मावशीची तर खात्रीच पटली, की त्या रेघेखाली कोणीतरी पुरलेलं आहे. तिने एकदा गुपचूप जाऊन तिथे तीर्थ शिंपडलं. यागोदाने त्या वर्षीच्या ओलाव्याच्या आकड्यांतून ते वजा केलं नाही, एवढी उदारता दाखवली.

इकडे यागोदा घरोघर प्रश्नावली घेऊन फिरत होती. त्यात एक प्रश्न असा होता: नांगरटीचा खर्च वाचत असेल आणि मातीही वाचत असेल, तर तुम्ही शेत न नांगरता ठेवाल का?

"ठेवीन की! का नाही ठेवणार?" प्रत्येक जण म्हणे. "डिझेल काय महाग झालंय! घे पोरी, केकचा अजून एक तुकडा घे, खसखशीचा आहे."

गावातल्या बहुतेकांनी प्रश्नावलीत होकार दिला आणि शेतात एकानेही नाही. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक वुकाशिन यांना हा निकाल 'अत्यंत उत्साहवर्धक' वाटला. प्राध्यापक वुकाशिन तीस वर्षं मातीवर लिहीत होते आणि या सगळ्या काळात त्यांच्या बुटाला माती लागल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त आकडे हवे असत, आणि आकडे शहरात बसूनही दिसतात.

तिच्या आकड्यांचं असं होतं: पहिल्या वर्षी न नांगरलेल्या अर्ध्यात मका कमी आला. स्वेतोझार जेवताना दोनदा हसला. दुसऱ्या वर्षी थोडा कमी. तिसऱ्या वर्षी बरोबरीत, आणि त्या दिवशी स्वेतोझार जेवायलाच बसला नाही. कणसं आता बरोबरीत होती, डिझेल एका बाजूला वाचत होतं, आणि गांडुळं तर एकाच बाजूला राहायला आली होती. सगळा प्रबंध चौथ्या वर्षावर उभा होता. तेव्हा न नांगरलेला अर्धा पुढे जाणार आणि हिशेब पहिल्यांदा फायद्यात येणार.

"चौथं वर्ष हवंच," वुकाशिन म्हणाले होते. "तीन बिंदूंमधून रेघ दारुडासुद्धा काढतो. पुढच्या नोव्हेंबरात तुझी मुदत संपते. ही शेवटची मुदतवाढ. त्यानंतर तू, तुझा प्रबंध आणि तुझी गांडुळं, सगळे माझ्या हाताबाहेर."

म्हणजे एकच करायचं होतं. त्या अर्ध्या तुकड्याला एक हिवाळा कोणी हात लावायचा नव्हता. काहीही न करणं, एवढंच काम. सुवा ग्रेदात याहून अवघड काम नाही.

चौथ्या शरदात स्वेतोझारला खोटं बोलावं लागलं नाही. आपला अर्धा नांगरून झाल्यावर तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि जांघेत हात धरून तिथेच बसला. हर्निया. पेर्सा मावशीच्या रेघेवरच, अगदी. तालुक्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, यागोदा बापाजवळ राहिली आणि कोंबड्यांना दाणे घालायला घराची किल्ली पेर्सा मावशीकडे ठेवली.

किल्ली मिळाली आणि गावाची ट्यूब पेटली. ट्रॅक्टर, पाठ, फाळ, आणि आता हे! म्हणजे स्वेतोझार चार वर्षांपासून आजारी होता. अर्धं शेत नांगरून त्याचा दम संपत होता आणि बिचारा मानी माणूस कुणाला सांगत नव्हता. गाव हळहळलं. आणि सुवा ग्रेदाचं गाव नुसतं हळहळून थांबत नाही, हाच तर सगळा घोटाळा आहे.

तिथे मोबा नावाची चाल आहे. मोबा म्हणजे आपली इर्जिक. विधवेचं, आजाऱ्याचं रान पडून राहिलं की सगळ्यांनी औतं घेऊन जायचं आणि एका दिवसात काम उरकून टाकायचं. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त त्या घरचं जेवायचं. आणि हे करायचं रविवारी किंवा सणाला. त्या दिवशी स्वतःच्या शेतात नांगर घालणं पाप, पण दुसऱ्याच्या शेतात घालणं पुण्य. सहा दिवस आपलं रान काळं करून झाल्यावर सातव्या दिवशी हात शिवशिवत असलेल्या पुरुषांसाठी देवाने ही सोय करून ठेवली आहे.

पुढाकार घेतला प्रोकोप काकांनी. प्रोकोप म्हणजे नांगरटीच्या स्पर्धेत आयुष्यभर दुसरा आलेला माणूस. पहिला कोण येई, ते कपाट सांगतंच.

त्या रविवारी दुपारी यागोदा आणि स्वेतोझार बसने परत येत होते. नवा रस्ता लागला तेव्हा स्वेतोझार टाक्यांवर उशी धरून डुलक्या घेत होता. यागोदा खिडकीशी होती. तिने शेत पाहिलं. मग चुकीचं शेत पाहिलं असं समजून मागे पाहिलं. कालव्यापासून रस्त्यापर्यंत काळंभोर. दोन्ही अर्धे. धसकटाचं पातं नाही. वर कावळे उतरले होते आणि तिची चार वर्षांची गांडुळं वेचून खात होते.

ती बसमध्ये उभी राहिली.

"काय झालं?" स्वेतोझार जागा झाला. त्याने तिच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. मुलीच्या आयुष्याची माती झाली आहे हे त्याला दिसलं असेल, नसेल, पण तोंडातून पहिलं वाक्य आलं ते असं:

"वाकडं आहे."

घराच्या अंगणात चार ट्रॅक्टर उभे होते आणि धुराड्यातून धूर येत होता. पेर्सा मावशीने किल्लीचा उपयोग केला होता. वेस्किचांच्याच कोंबड्यांचं सूप, वेस्किचांच्याच पिंपातल्या कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, वेस्किचांच्याच तळघरातली क्विन्सच्या फळांची दारू. चालीप्रमाणे जेवण घरच्यांनी घालायचं असतं. घरचे नव्हते, तर त्यांचं घर होतं.

"स्वेतोझार! मेला नाहीस अजून!" प्रोकोप काका दोन्ही हात पसरून धावले. "तुझ्या पोटाला डॉक्टरांनी टाके घातले, तुझ्या रानाला आम्ही! बघितलंस ना येताना?"

"बघितलं."

"मग? आहे की नाही तुझ्या तोडीचं?"

स्वेतोझारने उशी पोटाशी घट्ट धरली. "कालव्याकडच्या वळणावर झोप लागली होती का तुला?"

"बघा, बघा! बोलायला लागला! म्हणजे बरा होणार!" सगळे हसले.

यागोदाने हळूच विचारलं, "काका, किती खोल घातला नांगर?"

"खोल? अगं, मनापासून! चार वर्षं पडीक होतं ते. वरवर खरवडून काय होणार? लोखंड बुडेपर्यंत घातला. खालची पिवळी माती वर आली ठिकठिकाणी!" ते तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुला चार वर्षं चिंता नाही."

"नाही," यागोदा म्हणाली. "आता काहीच चिंता नाही." आणि पायरीवर बसली.

"पोरीला भरून आलं गं," पेर्सा मावशी एप्रनच्या टोकाने डोळे टिपत म्हणाली. "ऊठ राणी, रडू नकोस, पळी घे. पाहुण्यांना सूप वाढ. तुझ्या घरचं कार्य आहे."

ज्यांनी तिचा प्रबंध पंधरा इंच खोल पुरला, त्यांना यागोदाने सूप वाढलं. ते मिटक्या मारत जेवले. दोघांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

तिसऱ्या पेल्यानंतर तिला राहवलं नाही. "काका, एक सांगाल? प्रश्नावलीत तुम्ही लिहिलं होतं की शेत न नांगरता ठेवायला तुमची हरकत नाही. मग इथे का नांगरलंत?"

"अगं, ती प्रश्नावली होती," प्रोकोप काका समजूत काढत म्हणाले. "आणि हे शेत आहे."

"पण आमचं शेत आहे. तुम्हाला काय त्रास होता?"

"त्रास? मला रोज तिथून जावं लागायचं! व्याह्यांना घेऊन येत होतो परवा, तर म्हणतात, 'हे कुणाचं? तुमच्या गावात माणसं नाहीत का?' मी मान खाली घातली. दुसऱ्याच्या धसकटांसाठी मी मान खाली घातली, यागोदा! डिझेलचं काय घेऊन बसलीस? एवढ्यासाठी मी दुप्पट जाळलं असतं."

"चौपट," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

रात्री भांडी घासताना यागोदाच्या हातातली पातेली थांबली. तिच्या सगळ्या तक्त्यांत डिझेल होतं, बियाणं होतं, वाहून गेलेली माती होती, वाचलेली माती होती. हिशेब करून तिने सिद्ध केलं होतं की न नांगरणं स्वस्त आहे. आणि तरी कोणी ते करत नव्हतं, तेव्हा तज्ज्ञांच्या भाषेत त्याला 'माहितीचा अभाव' म्हणायचं असतं. पण आज चार ट्रॅक्टरवाल्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून, रविवार घालून, स्वतःची नव्हे, दुसऱ्याची धसकटं झाकली होती. लाज हा खर्च तिने धरलाच नव्हता. आणि तो किती, हे या लोकांनी लिटरमध्ये मोजून तिच्या दारात आणून ठेवलं होतं.

प्राध्यापक वुकाशिन आधी हळहळले. "कोणी केलं हे? सिद्धान्ताचे विरोधक?"

"नाही सर. मित्र."

"ते नेहमीच जास्त नुकसान करतात." मग तिचं लाजेवरचं नवीन प्रकरण ऐकून त्यांनी पेन उघडलं. त्यांना ते आवडलं होतं आणि आवडल्याबद्दल त्यांना संकोच वाटत होता. "ठीक आहे. चौथ्या वर्षाऐवजी हे चालेल. पण एक अट. लाजेची किंमत आहे म्हणतेस, तर ती मोजून, स्वखुशीने, उघडपणे शेत तसंच ठेवणारा एक तरी जिवंत शेतकरी दाखव. आजार नाही, बिघाड नाही, खोटं नाही. एकही नसेल, तर किंमत अमर्याद आहे असा अर्थ होतो. आणि अमर्याद ही संख्या तक्त्यात मावत नाही."

पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. एक शेतकरी.

तिला ओळखीचा असा एकच होता. तिने त्याला विचारलं. स्वेतोझार म्हणाला, "मूत्रपिंड हवं असलं तर माग. तसंही पोट उघडायची डॉक्टरांना आता सवय झालीय."

हिवाळ्यात कोशावा वारा सुटला. हा वारा आठवडाभर थांबत नाही आणि नांगरलेल्या उघड्या रानावरून येताना रिकाम्या हाताने येत नाही. जानेवारीत पडलेलं बर्फ दुसऱ्या दिवशी काळं झालं होतं. पेर्सा मावशी दोरीवरची चादर काढून तणतणत दारात आली.

"हे बघ! तुमच्या कालव्याकडची आहे ही माती! मागची तीन वर्षं तिकडून एवढी येत नव्हती!"

"मागची तीन वर्षं तिकडे धसकटं होती, मावशी."

"मग?"

"ती माती धरून ठेवायची."

पेर्सा मावशीने चादर झटकली. "पण दिसायचं किती वाईट," ती म्हणाली आणि चादर पुन्हा धुवायला घेऊन गेली.

यागोदा म्हणे, हे बघून तरी बाबा मानतील. बाबा मानले नाहीत. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे तिने त्यांना सांगितलं; ते म्हणाले, "मग एवढ्या घाईने काय करायचंय?" मुलीचं प्रेम, मातीचं प्रेम, देशाचं भवितव्य, तिने सगळं वापरून पाहिलं. काही लागू पडलं नाही. जे लागू पडलं ते गावाने केलं.

गाव स्वेतोझारशी हळू आणि मोठ्याने बोलू लागलं, जसं बहिऱ्यांशी आणि मरणाऱ्यांशी बोलतात. चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी त्याचं कोपर धरू लागलं. न्हाव्याने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्या उन्हाळ्यात मका बरा आला, तर जो तो म्हणू लागला, "प्रोकोपच्या हाताचा गुण!" स्वेतोझार हे सगळं गिळत राहिला. टाके कधीच भरले होते, पण ते गावाला दाखवणार कसे?

सप्टेंबरात नांगरटीची स्पर्धा आली. त्याने ट्रॅक्टर पुसला, नांगर घासला आणि नाव द्यायला गेला. समितीने त्याला प्रेमाने मिठी मारली आणि पहिल्या रांगेत नेऊन खुर्चीवर बसवलं. गुडघ्यांवर शाल पांघरली. 'सन्माननीय अतिथी'. त्याच्या डोळ्यांदेखत प्रोकोप आयुष्यात पहिल्यांदा पहिला आला. तेवढंही चाललं असतं. पण चषक हातात घेऊन प्रोकोपने माईक ओढला आणि म्हणाला, "हे यश मी माझ्या आजारी भावाला, स्वेतोझारला अर्पण करतो!" टाळ्या थांबेनात.

स्वेतोझार घरी आला. शाल डुकरांच्या खोपटात टाकली. मग स्वयंपाकघरात येऊन यागोदासमोर उभा राहिला.

"तो अर्धा तुकडा यंदा नांगरायचा नाही."

"बाबा?"

"आणि कुणी विचारलं तर खोटंही बोलायचं नाही. हसू देत. लोक हसलेले परवडतात, यागोदा. लोकांनी कोपर धरलेलं परवडत नाही."

संत दिमित्रीचा सण झाला. पुढच्या रविवारी गाड्यांची फेरी नव्या रस्त्याला लागली, तेव्हा पहिल्या गाडीने ब्रेक दाबला, दुसरी तिच्यावर जवळजवळ आदळली. कालव्याकडच्या अर्ध्या तुकड्यात धसकटं होती, पुन्हा. आणि त्यांच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, मागे घासून चकाकणारा नांगर जोडलेला, इंजिन चालू. वर स्वेतोझार, काळ्या सुटात, टाय बांधून, गुळगुळीत दाढी करून.

यागोदा बांधावर प्राध्यापक वुकाशिन यांच्यासोबत उभी होती. तिनेच त्यांना अट पुरी झालेली दाखवायला आणलं होतं.

प्रोकोप काका गाडीतून उतरले. "बंद पडला का रे?"

"चालू आहे. कान गेले का?"

"मग पाठ?"

स्वेतोझार ट्रॅक्टरवरून खाली उतरला, पुन्हा वर चढला.

प्रोकोप काका जवळ गेले, आवाज खाली आणला. "प्यायलायस?"

स्वेतोझारने वाकून त्यांच्या तोंडावर भरपूर श्वास सोडला. नुसता कांदा.

"मग नांगरत का नाहीस, माणसा?"

"नाही नांगरायचंय."

गाड्यांमधून माना बाहेर आल्या. प्रोकोप काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, जसा एखाद्याला वाईट बातमी टप्प्याटप्प्याने कळत जाते. "म्हणजे... मुद्दाम?"

"मुद्दाम."

कोणी "हंऽऽ" म्हटलं नाही. अशा प्रसंगासाठी गावाकडे आवाजच नव्हता.

दरम्यान प्राध्यापक वुकाशिन पाहणी करायला धसकटांत शिरले, मधोमध जाऊन परत आले. बुटांना काहीही लागलं नव्हतं. तीस वर्षांची कीर्ती शाबूत राहिली. त्या उत्साहात ते तुलनेसाठी नांगरलेल्या अर्ध्यात उतरले आणि चौथ्या पावलाला त्यांचा डावा बूट शास्त्राच्या नावाने आत राहिला. एका पायावर उभं राहून ते ओरडले, "वेस्किच साहेब, एकच प्रश्न! याबद्दल किती मोबदला मिळाला तर आपण समाधानी व्हाल?"

"मोबदला?" स्वेतोझारने प्रोकोपकडे बोट दाखवलं. "याला माझ्या रानापासून लांब ठेवा. बस्स."

अजून गाड्या येतच होत्या. ऊन कलायला लागलं. सुटात स्वेतोझार गारठला होता, सकाळपासून त्याच्या पोटात त्या कांद्याशिवाय काही नव्हतं, आणि गेल्या तासाभरात तो सीटवर जरा चुळबुळत होता. पण उतरायची सोय नव्हती. तो गेला तर शेवटच्या गाड्यांना नुसती धसकटं आणि रिकामा ट्रॅक्टर दिसणार. म्हणजे बंद पडला, म्हणजे मेला.

प्रोकोप काका अजून तिथेच घुटमळत होते. त्यांनी एकदा धसकटांकडे पाहिलं, एकदा स्वेतोझारच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे. शिव्या घातल्या, टोपी उलटी केली आणि ट्रॅक्टरची पायरी पकडली.

"उतर. जा घरी, काहीतरी खा, आणि ते दुसरंही उरकून ये. तोपर्यंत मी बसतो. आज रविवार आहे, स्वतःचं काम नाही तसंही."

स्वेतोझारने उतरून जागा दिली.

तेवढ्यात प्रोकोपच्या व्याह्यांची गाडी वळणावरून आली. प्रोकोप काका चालू ट्रॅक्टरवर ताठ बसलेले, समोर गुडघाभर धसकटं. गाडी थांबली. काच खाली झाली.

"माझं नाहीये हे!" प्रोकोप काका इंजिनाच्या वर आवाज चढवत ओरडले. "मी नुसता बसलोय!"

प्राध्यापक बूट उपसून बांधावर आले होते. "हे दुसरे शेतकरी?" त्यांनी आशेने विचारलं. "दोन झाले तर फार बरं होईल."

"नाही सर," यागोदा म्हणाली. "ही इर्जिक आहे."

वुकाशिन यांनी चिखलाचा मोजा पिळला. "बुधवारी ये," ते म्हणाले. "परीक्षेची तारीख ठरवू."